रस्त्याचा हिशोब आणि दवाखान्याचा हिशोब

केंद्र सरकारच्या अर्थसंकल्पावर आपल्याकडे गावोगाव व्याख्याने होतात, परिसंवाद भरतात आणि प्राप्तिकराच्या एखाद्या टप्प्यावरून कचेऱ्यांतून आठवडाभर वाद चालतो. महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकाच्या वाट्याला मात्र असे भाग्य येत नाही. त्याची एकूण रक्कम किती आणि करवाढ आहे की नाही, एवढे पाहून सामान्य वाचक पान उलटतो. वास्तविक घरासमोरचा रस्ता, कोपऱ्यावरचा दवाखाना, मुलांची शाळा आणि कामावर नेणारी बस यांचे भवितव्य दिल्लीत नव्हे, तर नगरपालिकेच्या सभागृहात ठरत असते. पुणे महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक सुमारे १२,६०० कोटी रुपयांचे होते. एवढ्या रकमेतून काय करावयाचे आणि काय लांबणीवर टाकावयाचे, हा प्रश्न तांत्रिक नाही. तो निवडीचा प्रश्न आहे, आणि निवड म्हटली की कोणाला तरी काहीतरी सोडावे लागते.

ही निवड कायद्याने करून ठेवलेली नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाने पालिकेची कर्तव्ये दोन भागांत विभागली आहेत. कलम ६३ मध्ये आवश्यक कर्तव्ये सांगितली आहेत व कलम ६६ मध्ये स्वेच्छाधीन. रस्ते बांधणे व सुस्थितीत राखणे हे आवश्यक कर्तव्य आहे; परंतु प्राथमिक शिक्षण आणि सार्वजनिक रुग्णालये व दवाखाने हीदेखील आवश्यक कर्तव्येच आहेत. ग्रंथालये, वस्तुसंग्रहालये, पोहण्याचे तलाव या गोष्टी स्वेच्छेवर सोडलेल्या आहेत. १९९३ मध्ये अंमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी जे अठरा विषय दिले, त्यांतही रस्ते व पूल यांच्या शेजारीच सार्वजनिक आरोग्य, झोपडपट्टी सुधारणा, उद्याने व दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण यांना स्थान आहे. रस्ता मोठा की दवाखाना मोठा, हे कायदा सांगत नाही. तो क्रम सभागृहाने लावावयाचा असतो.

रस्ता का जिंकतो?

व्यवहारात हा क्रम बहुधा रस्त्याच्या बाजूने लागतो. त्याची कारणे सभासदांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा खर्चाच्या स्वरूपात शोधणे अधिक उपयुक्त ठरेल. रस्ता हा भांडवली खर्च आहे. तो एकदा मंजूर होतो, त्याचे भूमिपूजन होते, त्यावर फलक लागतो आणि प्रभागातील प्रत्येक मतदार तो रोज डोळ्यांनी पाहतो. दवाखान्याची गोष्ट वेगळी. इमारत बांधणे हा त्यातील सोपा भाग. पुढे डॉक्टर, परिचारिका, औषधे, वीज आणि स्वच्छता यांचा खर्च दरसाल येत राहतो. या महसुली खर्चाचे उद्घाटन करता येत नाही. दवाखान्यात परिचारिकेची जागा रिकामी राहिली, तर ती केवळ तेथे गेलेल्या रुग्णास दिसते. रस्त्यावरचा खड्डा मात्र सर्वांना दिसतो. ज्याला खाजगी डॉक्टर परवडतो तो पालिकेच्या दवाखान्याची पायरी चढत नाही, आणि ज्याला परवडत नाही त्याचा आवाज सभागृहापर्यंत सहसा पोहोचत नाही.

पुण्याच्या अंदाजपत्रकाशी परिचय असलेल्यांना ‘स’ यादी हा शब्द ठाऊक आहे. सभासदांनी आपापल्या प्रभागासाठी सुचविलेली कामे या यादीत असतात. वर्षाच्या उत्तरार्धात जे ‘वर्गीकरण’ होते, म्हणजे एका शीर्षाखालील रक्कम दुसऱ्या शीर्षाकडे वळविली जाते, तोही कारभाराचा परिचित भाग आहे. यांपैकी कोणतीच गोष्ट मुळात गैर नाही. प्रभागाची गरज सभासदाने सांगावी आणि अडचणीच्या वेळी तरतूद बदलता यावी, हे लोकशाहीस धरूनच आहे. परंतु अंदाजपत्रक संमत करताना झालेली चर्चा वर्षअखेरीच्या वर्गीकरणाने निरर्थक ठरत असेल, तर मूळ अंदाजपत्रक हे केवळ शुभेच्छापत्र उरते.

टिकाऊपणाचे अर्थशास्त्र

तथापि रस्त्यांवर खर्च अधिक होतो म्हणून रस्ते चांगले आहेत, असा अनुभव नाही. याचे कारण समजून घेण्यास पुण्यातीलच एक उदाहरण पुरेसे आहे. १९७६ मध्ये जंगली महाराज रस्ता नव्याने बांधण्यात आला. स्थायी समितीचे त्या वेळचे अध्यक्ष श्रीकांत शिरोळे यांच्या पुढाकाराने हे काम मुंबईच्या रेकॉन्डो या कंपनीस देण्यात आले आणि कंपनीकडून दहा वर्षांची हमी घेण्यात आली. हमीची मुदत संपून गेल्यावरही कित्येक पावसाळे तो रस्ता खड्ड्यांवाचून टिकला. पुण्यात आजही रस्त्यांचा विषय निघाला की त्याचा दाखला दिला जातो. शहरास एका रस्त्याचा इतका अभिमान वाटावा, ही त्या रस्त्याची प्रशंसा आहे. पण इतर रस्त्यांविषयीचा तो अभिप्रायही आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता वस्तूची किंमत आणि वस्तू बाळगण्याचा खर्च या दोन भिन्न गोष्टी आहेत. समजा, एक रस्ता एक कोटी रुपयांत होतो व तीन वर्षे टिकतो. दुसरा दीड कोटीत होतो व दहा वर्षे टिकतो. निविदेच्या कागदावर पहिला स्वस्त ठरेल. परंतु दहा वर्षांच्या काळात पहिला चार वेळा करावा लागेल आणि त्यावर चार कोटी खर्च होतील. फरक अडीच कोटींचा, म्हणजे दरसाल पंचवीस लाखांचा झाला. तेवढ्या रकमेत एखाद्या दवाखान्यातील परिचारिका आणि औषधनिर्माता यांच्या वेतनाची सोय सहज होऊ शकते. पालिकेच्या महसुली उत्पन्नातून जे उरते तेच पुष्कळ अंशी भांडवली कामांकडे वळते. त्यामुळे हा फरक केवळ कागदावरचा नाही. रस्ता की दवाखाना, असा जो वाद मांडला जातो, त्याचे खरे स्वरूप अनेकदा निराळेच असते. वाईट रस्ता हाच दवाखान्याचा पैसा खात असतो.

रस्ता लवकर खराब होण्यास निकृष्ट डांबर एवढेच कारण नसते. पावसाळी गटार नसेल तर पाणी रस्त्यावर साचते आणि साचलेले पाणी डांबराचा शत्रू आहे. त्यातच जलवाहिनी, मलवाहिनी, वीज व दूरसंचार यांसाठी वेगवेगळी खाती वेगवेगळ्या महिन्यांत तोच रस्ता खोदतात. एका खात्याने केलेला खर्च दुसऱ्या खात्याने उखडावयाचा, ही व्यवस्था कोणत्याही गृहिणीने आपल्या घरात चालू दिली नसती. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे व उघडी गटारे यांमुळे मृत्यू ओढवल्यास वारसांस सहा लाख रुपये आणि जखमी झालेल्यास पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. खड्ड्याची किंमत आता हिशोबात धरावी लागेल. माणसाच्या जिवाच्या रूपाने ती यापूर्वीही मोजली जात होतीच. फक्त ती पालिकेच्या वहीत लिहिली जात नव्हती.

रस्ता कोणासाठी?

रस्ता सुधारणे म्हणजे मोटारींचा वेग वाढविणे, अशी एक समजूत रूढ आहे. रस्त्यावरून शाळेत जाणारे मूल, भाजी घेऊन परतणारी वृद्धा आणि बसथांब्यावर उभा असलेला कारकून हेही चालतात. त्यांचा रस्ता म्हणजे पदपथ. २०१६ नंतर जंगली महाराज रस्त्यावरच पदपथ रुंद करण्याचे काम झाले, तेव्हा मोटारींची जागा घटली अशी तक्रार झाली. वस्तुतः तेथे चालणाऱ्यास जागा परत मिळाली होती.

बसचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. पुणे व पिंपरी-चिंचवड येथील दोन परिवहन संस्था २००७ मध्ये एकत्र करण्यात आल्या. नव्या कंपनीत पुणे महापालिकेचा हिस्सा ६० टक्के व पिंपरी-चिंचवडचा ४० टक्के आहे, आणि तिची तूट या दोघींना सोसावी लागते. १ जून २०२५ पासून किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. बसची तूट ‘तोटा’ या नावाने ओळखली जाते, पण उड्डाणपुलावरच्या खर्चास कोणी तोटा म्हणत नाही. शब्दांच्या या निवडीत शहराचा पक्षपात दडलेला आहे. बसने जाणारा प्रवासी रस्त्याची फार थोडी जागा व्यापतो. त्याला बसमध्ये टिकवून ठेवणे हीही रस्तासुधारणाच होय.

पैसा कोठून?

याविषयीची चर्चा उत्पन्नाचा विचार केल्यावाचून पुरी होत नाही. जकात हा महापालिकांचा मुख्य आधार होता. तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला; २०१५ मध्ये बहुसंख्य व्यापाऱ्यांना त्यातून मुक्त करण्यात आले आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होताच तो सर्वथा संपला. त्याबदली राज्य सरकार दरवर्षी आठ टक्के वाढीसह भरपाई देते. रक्कम मिळते हे खरे, पण स्वतः कर बसविण्याचा अधिकार आणि दुसऱ्याच्या हातून मिळणारे अनुदान यांत फार अंतर आहे.

उरतो तो मुख्यतः मिळकतकर. पुण्यात १९७० पासून राहत्या घरास चाळीस टक्के सवलत होती. ती मध्यंतरी रद्द झाली व २०२३ मध्ये पुन्हा देण्यात आली. मध्यमवर्गीय कुटुंबांस तिचा मोठा आधार आहे, हे निर्विवाद. पण सवलतीचाही खर्च असतो. कमी कर आणि अधिक सेवा या दोन्ही मागण्या एकाच निवेदनात करणाऱ्या नागरिकाने त्यांतील विसंगतीकडे डोळेझाक करू नये.

फुकटचा रस्ता नसतो, हे कोल्हापूरने सर्वांत महाग किमतीस शिकविले. शहरातील सुमारे ५० किलोमीटर रस्ते ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या तत्त्वावर खाजगी कंपनीकडून करून घेण्यात आले आणि त्यांची भरपाई तीस वर्षांच्या टोलमधून व्हावयाची होती. पालिकेस पदरचा पैसा घालावा लागणार नाही, असे सांगण्यात आले. शहरात शिरताना टोल द्यावा लागणार, हे लोकांना जेव्हा प्रत्यक्ष दिसले तेव्हा प्रा. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे प्रभृतींच्या नेतृत्वाखाली शहर रस्त्यावर उतरले. अखेर डिसेंबर २०१५ मध्ये टोल रद्द करण्याची घोषणा झाली आणि कंपनीचा मोबदला राज्य सरकारने अंगावर घेतला, म्हणजे तो राज्यभरच्या करदात्याने दिला. करार करताना नागरिकांस विचारले नाही, तर पुढे ते आंदोलनातून उत्तर देतात.

जुना वाद, नवी संधी

हा वाद पुण्याला नवा नाही. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. बांधकामाच्या कंत्राटांचा त्यांना स्वतः अनुभव होता. दगड-चुन्याचा व्यवहार त्यांना परका नव्हता. तरीही मंडईच्या भव्य इमारतीवर खर्च करण्यापेक्षा तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर लावावा, अशी भूमिका त्यांनी घेतली. १८८६ मध्ये रे मार्केट या नावाने ती मंडई सुरू झाली आणि पुढे तिला त्यांचेच नाव देण्यात आले. मंडईचा उपयोग शहरास झाला नाही, असे कोणी म्हणणार नाही. पण इमारत उभी राहिली की तिच्यासाठी काय मागे पडले, हे कोणी विचारीत नाही. तो प्रश्न विचारणारा एक तरी सभासद सभागृहात असावा लागतो.

मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेची मुदत संपल्यानंतर जवळजवळ चार वर्षे असा प्रश्न विचारण्यास सभागृहच नव्हते. प्रशासकाने अंदाजपत्रक मांडावे आणि प्रशासकानेच ते संमत करावे, असा प्रकार चालला. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे शहरात आली. त्यांतील दोन पुढे वगळण्यात आली. उरलेल्या गावांना पाणी, मलवाहिन्या, रस्ते आणि दवाखाने सर्वच एकदम हवे आहे. अशा काळात लोकप्रतिनिधी नसावेत हा दैवदुर्विलासच होता. जानेवारी २०२६ च्या निवडणुकांनी ती उणीव दूर केली.

या सभागृहांकडून काही साध्या गोष्टींची अपेक्षा करता येईल. प्रत्येक नव्या इमारतीच्या ठरावाबरोबर ती चालविण्याचा पाच वर्षांचा खर्च मांडला जावा; तो परवडत नसेल तर कोनशिला बसवू नये. प्रत्येक रस्त्याच्या दुतर्फा ठेकेदाराचे नाव, काम पूर्ण झाल्याची तारीख व हमीची मुदत ठळक लिहावी आणि त्या मुदतीत पालिकेच्या पैशाने तेथे एक घमेले खडीही पडू नये. खोदाईचे वेळापत्रक सर्व खात्यांनी मिळून ठरवावे. वर्गीकरणाचा प्रत्येक प्रस्ताव, कोणत्या कामाचा पैसा कोठे गेला या तपशिलासह, प्रभाग कार्यालयात लावला जावा.

नागरिकांचाही यात वाटा आहे. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे सुचवून घेण्याची प्रथा सुरू केली. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ मध्ये असा प्रयोग केला, तो जगभर गाजला. कारण तेथे लोक केवळ मागण्या नोंदवीत नव्हते, तर मागण्यांचा अग्रक्रम एकत्र बसून ठरवीत होते. आपल्याकडचे अर्ज मुख्यत्वे आपल्या सोसायटीसमोरच्या फरशीपुरते असतात. शेजारच्या वस्तीतील दवाखान्यासाठी अर्ज करणारा शिक्षक किंवा कारकून जेव्हा पुढे येईल, तेव्हा सभासदांनाही त्या कामात मते दिसू लागतील. सभागृह अखेर तेच पाहते, जे नागरिक त्याला पाहावयास लावतात.