संगणकाचा नवा गाभा

आमच्या जबलपुरात ‘कर्नल’ म्हटले की छावणीतला लष्करी अधिकारी डोळ्यांपुढे उभा राहतो. आज ज्याविषयी बोलावयाचे आहे, तो कर्नेल निराळा. टरफलात दाणा असावा, तसा संगणकाच्या कार्यप्रणालीत हा गाभा असतो. कोणत्या कामाला किती वेळ द्यावा, स्मृतीचा कोणता भाग कोणी वापरावा, तबकडीवर कोठे काय लिहावे, याचा निवाडा तोच करतो. लिनक्स नावाचा असा एक गाभा हेलसिंकीच्या लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली प्रसिद्ध केला. आपल्या सी-डॅक संस्थेची ‘बॉस’ ही प्रणालीही त्याच्यावरच उभी आहे.

या गाभ्याची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघते. घरी नवा लॅपटॉप आणावा आणि जुन्या गाभ्याला त्यातले वाय-फायचे यंत्र ओळखताच येऊ नये, असे पुष्कळदा घडते. अशा वेळी नवा गाभा घालून पाहण्याचा मोह होतो, आणि तो गैर नाही. वरच्या कार्यक्रमांशी गाभ्याचे जे बोलणे ठरलेले असते ते मोडावयाचे नाही, असा लिनक्सच्या कर्त्यांचा कडक दंडक आहे. म्हणूनच बाकीच्या घराला धक्का न लावता गाभा तेवढा बदलता येतो.

जबलपूर-गोंदिया मार्गावरील अडीच फुटी रुळांची गाडी २०१५ साली बंद झाली. रुंद मार्ग सलग खुला होईपर्यंत प्रवाशांनी काही वर्षे कशी काढली, हे इकडच्या मराठी कुटुंबांना चांगले ठाऊक आहे. संगणकात अशी अडचण नाही. तेथे जुना आणि नवा गाभा शेजारी शेजारी नांदू शकतात. यंत्र सुरू होताना ‘ग्रब’ नावाचा छोटा कार्यक्रम प्रथम जागा होतो व कोणता गाभा उठवावयाचा ते विचारतो. ही यादी बहुधा लपलेली असते. शिफ्ट किंवा एस्केप कळ दाबून ती पुढे आणावी, आणि नवा गाभा घालण्यापूर्वीच एकदा आणून पाहावी. केवळ पुढच्या एका वेळेपुरता नवा गाभा निवडण्याचीही सोय ग्रबमध्ये आहे. तो अडखळला, तर यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे. जुना आपल्या जागी हजर असतो. मात्र ‘अनावश्यक ते काढून टाक’ अशी आज्ञा घाईने देऊ नये, नाहीतर तोच आधार निघून जाण्याचा संभव असतो.

आभासी यंत्रात, म्हणजे संगणकाच्या पोटातल्या काल्पनिक संगणकात, आधी चाचणी घ्यावी असे कित्येक जण सुचवितात. सराव म्हणून ते ठीक. पण तेथील वाय-फाय आणि पडदाही काल्पनिकच. तुमच्या खऱ्या यंत्राविषयी त्यातून फारसे कळत नाही. पेनड्राइव्हवरून नवी प्रणाली चालवून पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

एक धोका मात्र जुन्या गाभ्याने टळत नाही. मार्च २०२१ मध्ये ५.१२ या आवृत्तीच्या पहिल्या चाचणी-प्रतीत असा दोष निघाला की, स्मृतीतला मजकूर तात्पुरता ठेवण्याची ‘स्वॅप’ फाइल वापरणाऱ्यांच्या तबकडीवर तो भलत्याच ठिकाणी लिहिला जाई. टोर्वाल्ड्स यांनी त्या प्रतीच्या नावालाच ‘वापरू नका’ असे शेपूट जोडले. ती तर कच्ची प्रत होती. पण डिसेंबर २०२३ मध्ये डेबियनसारख्या सावध प्रणालीच्या पक्क्या गाभ्यातही फायली बिघडविणारा दोष सापडला, आणि १२.३ ही आवृत्ती थांबवून १२.४ काढावी लागली. यंत्र सुरळीत चालत असते आणि आत लेकीचा प्रबंध किंवा आजोबांची छायाचित्रे नासत असतात. जुन्या गाभ्याकडे परतल्याने ती परत येत नाहीत.

म्हणून प्रयोगाच्या आदल्या दिवशी साऱ्या फायलींची नक्कल वेगळ्या तबकडीवर घ्यावी, त्यातल्या दोन-चार उघडून पाहाव्यात, आणि ती तबकडी यंत्रापासून सोडवून कपाटात ठेवावी. मग नव्या गाभ्यावर आठवडाभर नेहमीची कामे करावीत: छपाई, ध्वनी, यंत्र झोपविणे व उठविणे. तेवढे निभावले की तो कायमचा निवडावा. जुना आणखी एक महिना राहू द्यावा.