कुत्र्याची शुगर आणि माणसाचे मीटर

निरोगी कुत्र्याच्या रक्तात उपाशीपोटी दर डेसिलीटरला साधारण ७० ते १२० मिलिग्रॅम साखर असते. हा आकडा माणसाच्या आकड्याच्या जवळपासचा असल्यामुळे घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी आणलेले शुगरचे मशीन कुत्र्यालाही तसेच चालेल, असा समज होतो. मशीन चालते, पण त्यावर दिसणारा आकडा जसाच्या तसा धरता येत नाही.

याचे कारण रक्ताच्या घडणीत आहे. माणसाच्या रक्तातील साखरेपैकी सुमारे ४२ टक्के तांबड्या पेशींमध्ये आणि ५८ टक्के प्लाझ्मामध्ये असते. कुत्र्याच्या तांबड्या पेशींत जेमतेम १२-१३ टक्के साखर असते, बाकी सगळी प्लाझ्मात. मीटरची पट्टी पेशींसकट पूर्ण रक्त शोषते आणि त्यावरून प्लाझ्मातील साखरेचा हिशेब माणसाच्या प्रमाणाने मांडते. म्हणून माणसाचे मीटर कुत्र्याची साखर बहुतेक वेळा प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवते. किती कमी, हे मीटरच्या बनावटीवर आणि साखरेच्या पातळीवर ठरते. त्यामुळे ‘वीस मिळवा, झाले’ असा सोपा तोडगा चुकीचा आहे. कुत्र्या-मांजरांसाठी बनवलेल्या ‘अल्फाट्रॅक’सारख्या मीटरमध्ये प्राण्याच्या प्रजातीनुसार वेगळी मांडणी असते.

म्हणून माणसाचे मीटर फेकून द्यावे, असेही नाही. एकाच कुत्र्यावर, एकाच मीटरने, एकाच कंपनीच्या पट्ट्यांनी घेतलेले आकडे साखर चढते आहे की उतरते आहे हे चांगले सांगतात. पशुवैद्यकाने एकदा त्याच वेळच्या रक्ताची प्रयोगशाळेत तपासणी करून दोन आकडे शेजारी ठेवले, की त्या मीटरचा कल कळतो. माणसांच्या मीटरसाठीचा आंतरराष्ट्रीय निकषसुद्धा १०० व त्यावरच्या आकड्यांना १५ टक्क्यांची तफावत मान्य करतो. मग १८५ आणि २०५ या दोन आकड्यांत फरक शोधत बसण्यात अर्थ नाही.

आखाडा बाळापूरसारख्या गावात याहून मोठी अडचण गोचिडांची आहे. शेतातल्या आखाड्यावर राखणीला असलेल्या कुत्र्याच्या कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड सापडणे ही नित्याची बाब. एर्लिकिया आणि बॅबेसिया हे गोचिडांवाटे येणारे जंतू कुत्र्याला रक्तक्षय करतात. निरोगी कुत्र्याच्या रक्तात तांबड्या पेशींचा वाटा साधारण ३७ ते ५५ टक्के असतो. तो घटला की त्याच थेंबात प्लाझ्मा जास्त येतो आणि मीटरचा आकडा फुगतो. उन्हाळ्यात पाणी कमी पडून रक्त घट्ट झाले, तर उलट घडते आणि आकडा खाली येतो. म्हणजे साखर न बदलताही मीटर बदलते. गोचीड ताप झालेल्या कुत्र्याचा मीटरवरचा आकडा हिमोग्लोबिन व पेशींचे प्रमाण पाहिल्याशिवाय वाचूच नये.

‘लॅबचा आकडा कधी चुकत नाही’ हा समजही तपासून घ्यायला हवा. साध्या नळीतल्या रक्तात पेशी जिवंत असतात आणि त्या साखर खात राहतात. खोलीच्या तापमानाला दर तासाला ५ ते ७ टक्के साखर अशी कमी होते, उन्हात त्याहून वेगाने. बाळापूरहून मोटारसायकलच्या डिकीतून नांदेड किंवा हिंगोलीला पोहोचलेल्या आणि दुपारपर्यंत तसाच पडलेल्या नमुन्याचा अहवाल जागेवर घेतलेल्या मीटरच्या आकड्यापेक्षा अधिक खरा असेलच असे नाही. नमुना लगेच फिरवून प्लाझ्मा वेगळा करणे हा उत्तम उपाय. ते शक्य नसेल, तर फ्लोराइड घातलेल्या राखाडी टोपणाच्या नळीत रक्त घ्यावे. फ्लोराइडचाही परिणाम पूर्ण व्हायला तास-दोन तास लागतात, म्हणून नळी थंड ठेवावी.

पट्ट्यांनाही ऊन सोसत नाही. बहुतेक पट्ट्यांची साठवणीची मर्यादा ३० अंश आणि मीटरची कामाची मर्यादा ४० अंशांच्या आसपास असते. नेमका आकडा डबीवर छापलेला असतो. मराठवाड्यातला मे महिना या दोन्ही मर्यादा सहज ओलांडतो. पत्र्याच्या खोलीत उघडी राहिलेली डबी मुदत संपण्याआधीच खराब होते.

रक्त शिरेतूनच काढावे लागते, हाही गैरसमज आहे. कानाच्या पाळीची कड, वरच्या ओठाची आतली बाजू किंवा कोपरावरचा घट्टा येथून एक लहान थेंब पुरतो. कान आधी कोमट कापडाने शेकला की थेंब सहज येतो. स्पिरिट लावल्यास ते पूर्ण वाळू द्यावे. ओठावरचा थेंब लाळेत मिसळू नये आणि जागा जोरात पिळू नये, कारण ऊतींतले पाणी मिसळून रक्त पातळ होते. मांजराची साखर भीतीने बरीच वर जाते. कुत्र्यात हा परिणाम सहसा कमी असतो, त्यामुळे मोठा आकडा ‘घाबरला असेल’ म्हणून सोडून देऊ नये.

सर्वांत घातक समज म्हणजे एक आकडा पाहून इन्शुलिन वाढवणे. मधुमेही कुत्र्याच्या स्वादुपिंडात इन्शुलिन जवळजवळ तयारच होत नाही. माणसाच्या शुगरच्या गोळ्या त्याला उपयोगी पडत नाहीत, इंजेक्शन आयुष्यभराचे असते. मात्रा ठरवताना पशुवैद्यक दिवसभरात दर दोन तासांनी साखर मोजून तिचा आलेख पाहतात. त्यातला सर्वांत खालचा आकडा साधारण ८० ते १५० दरम्यान असावा, असे मानले जाते. इंजेक्शनआधीचा सकाळचा एकटा आकडा दुपारी साखर किती खाली गेली होती हे सांगत नाही. भारतात ४० युनिटच्या कुप्या आणि १०० युनिटचे इन्शुलिन दोन्ही मिळतात. ४० च्या कुपीला लाल टोपणाची सिरिंज लागते, १०० साठीची नारिंगी टोपणाची. १०० चे इन्शुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने दिले, तर अडीच पट मात्रा जाते. परभणीला पशुवैद्यक व पशुविज्ञान महाविद्यालय आहे, पण ही चूक झाली तर तिथवर जायला वेळ उरेलच असे नाही.

आकडा ६० च्या खाली आला, किंवा कुत्रा झोकांड्या खाऊ लागला, थरथरू लागला, झटके आले, तर पुन्हा पुन्हा मोजत बसू नये. माणसाच्या मीटरचा आकडा खरोखरीपेक्षा कमी असू शकतो, हा विचारही त्या क्षणी बाजूला ठेवावा. साखर चढली तरी ती काही तासांनी आटोक्यात आणता येते. साखर उतरली, तर मेंदू फार वेळ तग धरू शकत नाही. मध किंवा गुळाचे दाट पाणी हिरड्यांना चोळावे, बेशुद्ध कुत्र्याच्या घशात काहीही ओतू नये आणि शुद्धीवर आल्यावर खाऊ घालावे. झायलिटॉल असलेला कोणताही ‘शुगर-फ्री’ पदार्थ अशा वेळी देऊ नये. कुत्र्याच्या शरीरात झायलिटॉल इन्शुलिनचा जोरदार स्राव घडवतो आणि साखर आणखी खाली नेतो. पुढचे इन्शुलिन पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय द्यायचे नाही.