नामांतर ते नामविस्तार: एका पाटीची साडेपंधरा वर्षं

आजचा प्रश्न सरळ आहे. विद्यापीठाच्या पाटीवर कोणाचं नाव असावं, यावरून गावातली घरं का जाळली जातात?

२७ जुलै १९७८. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला, की औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचं. लगेच मराठवाड्यात हिंसाचार पेटला. दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली, माणसं मारली गेली. नांदेड जिल्ह्यातले पोचिराम कांबळे त्यातलेच एक.

विरोध करणारे म्हणत होते, ‘आमची ओळख पुसली जातेय.’ ही भावना अगदीच खोटी नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे ‘मराठवाडा’ या शब्दात अभिमान होता. दुसरीकडे, याच शहरात १९५० मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. तिथं शिकलेल्या दलित मुलांसाठी बाबासाहेबांचं नाव म्हणजे शिक्षणाचा उघडलेला दरवाजा होता.

पण थांबा. भांडण फक्त नावाचं असतं, तर ज्यांनी विद्यापीठ कधी पाहिलंही नाही त्यांची झोपडी का जाळली? कारण राग पाटीपेक्षा जुना होता. दलित तरुण शिकत होते, नोकऱ्या मिळवत होते, गावकीची कामं नाकारत होते. अनेकांना तेच खुपत होतं. नाव निमित्त झालं. म्हणून याला ‘दोन गटांतली मारामारी’ म्हणणं चूक आहे. मार एकाच बाजूला जास्त बसला.

पुढे लाँग मार्च निघाला, सत्याग्रह झाले, लोक तुरुंगात गेले. १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केलं. अखेर १४ जानेवारी १९९४ ला नाव ठरलं: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. नामांतर नाही, नामविस्तार. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावानं वेगळं विद्यापीठही झालं.

तोडगा बघा: काही पुसलं नाही, जोडलं. ऐकायला किती सोपं! मग साडेपंधरा वर्षं का लागली? कारण ज्यांचं घर जळलं होतं, त्यांनाच ‘जरा धीर धरा’ सांगितलं जात होतं. आणि पाटी बदलली म्हणून गावातला पाणवठा आणि स्मशान आपोआप एक होत नाही. ते काम वेगळंच असतं.

त्यामुळे पुढच्या वेळी ग्रुपवर नावावरून वाद पेटला, की दोन गोष्टी विचारा. बोललं जातंय ते कारण खरं, की आत दुसरंच काही आहे? आणि थांबायला कोणाला सांगितलं जातंय?

तुमचं घर मराठवाड्यातलं असेल, तर आज आजी-आजोबांना फोन लावा. ७८ साली आपल्या गावात काय झालं, आणि आपण तेव्हा कुठं उभे होतो, एवढंच विचारा. भेटू पुढच्या भागात!