गुन्हा : शब्द आणि रान

'गुन्हा' हा शब्द आपण फारशीतून घेतला. तेथे 'गुनाह' म्हणजे पाप. राज्यकारभाराबरोबर तो दप्तरात शिरला आणि पेशवाईच्या जमाखर्चात 'गुन्हेगारी' म्हणजे गुन्ह्याबद्दल वसूल केलेला दंड असा अर्थ रूढ झाला. संस्कृत 'अपराध' शब्दाचे मूळ निराळे आहे. 'राध्' म्हणजे साधणे. ज्याचा नेम साधला नाही, तो अपराधी. एका शब्दात पाप आहे, दुसऱ्यात चूक.

1860 च्या भारतीय दंडसंहितेने हे दोन्ही अर्थ बाजूस ठेवले. कायद्याने जे शिक्षापात्र ठरविले तो गुन्हा, एवढीच तिच्या चाळिसाव्या कलमातील व्याख्या. 1 जुलै 2024 पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. व्याख्येचा गाभा मात्र तोच राहिला. कृत्य वाईट आहे काय, हा प्रश्न या व्याख्येत येतच नाही.

याचा अर्थ नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा, धडगावकडे गेल्यावर नीट कळतो. सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा शेतकरी रानात काढलेल्या शेताला 'नेवाड' म्हणतात. या शब्दात दोष नाही. त्यात कष्ट आहेत आणि पोटाची सोय आहे. परंतु राखीव जंगलात शेतीसाठी जमीन मोकळी करणे हे 1927 च्या वन कायद्याच्या सव्विसाव्या कलमाने दंडनीय ठरविले. सरकारी कागदावर नेवाडाचे 'अतिक्रमण' झाले. अतिक्रमण म्हणजे हद्द ओलांडणे. पण ही हद्द आखली कोणी, आणि ती आखताना तेथे कोण नांगर धरून उभा होता, हे त्या शब्दाने विचारले नाही.

तो प्रश्न 2006 च्या वनहक्क कायद्याने विचारला. वनवासी समाजावर ऐतिहासिक अन्याय झाला, अशी कबुली त्याच्या प्रस्तावनेतच आहे. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून आदिवासी कसत असलेल्या जमिनीवर चार हेक्टरपर्यंत हक्क मागता येतो. दावा प्रथम ग्रामसभेपुढे येतो, आणि गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो. पूर्वी 'हे रान आम्ही कसतो' असे सांगणे म्हणजे गुन्ह्याची कबुली होती. आता तेच वाक्य हक्काचा आधार झाले.

शेत तेच, नांगर तोच; बदलले ते कायद्याने दिलेले नाव. म्हणून एखाद्यास गुन्हेगार म्हणण्यापूर्वी आपण दोन प्रश्न वेगळे ठेवावेत : त्याने कायदा मोडला काय, आणि त्याने कोणाचे वाईट केले काय? पहिल्याचे उत्तर कलमात सापडते. दुसऱ्याचे उत्तर आपल्यालाच शोधावे लागते.