इंजिन बोंबलायलंय, गाडी हलंना

लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरली की नांदेड-लातूर रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीच्या क्लचची परीक्षा असते. घोडे, उंट, गाढवं, बैल यांचा मोठा बाजार, त्यात जीप, टेम्पो आणि एसट्या. वाहनं वीतभर सरकतात, थांबतात, पुन्हा वीतभर सरकतात. अशा वेळी पाय पूर्ण सोडायचा नाही आणि पूर्ण दाबायचाही नाही, असं हाफ क्लचवर चालवणं सुरू होतं. इंजिनासोबत फिरणारं फ्लायव्हील आणि त्यावर बसलेली प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लचप्लेट घट्ट दाबलेली असायला हवी. हाफ क्लचमध्ये ती नुसती घासते, तापते आणि जळका वास सोडते.

लातूरच्या एका शिक्षकांची जुनी मारुती 800 अशीच वर्षानुवर्षं घासून थकली होती. टॉप गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की आवाज चढायचा, वेग मात्र तिथंच. नांदेडला राहणाऱ्या भाच्याला त्यांनी फोन केला, "इंजिन बोंबलायलंय, अन् गाडी जागची हलंना."

भाच्यानं आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड केलेला. त्यानं विचारलं, "मामा, आधी केबल बगा. पेडलला जरा तरी ढिल हाय का?"

हा प्रश्न फार कामाचा आहे. केबल नको तितकी ताणलेली असेल तर पेडलवरून पाय काढल्यावरही क्लच किंचित दाबलेलाच राहतो आणि चांगली प्लेटसुद्धा सरकते. म्हणजे नट दोन आटे फिरवून मिटणाऱ्या कामासाठी लोक गिअरबॉक्स उतरवून बसतात. इथं केबल ठीक होती. मग हँडब्रेक ओढून, वरच्या गिअरमध्ये क्लच हळूच सोडून पाहिला. इंजिन धक्का देऊन बंद पडायला हवं होतं, ते आरामात घरघरत राहिलं. प्लेट गेली, यात शंका उरली नाही.

भाचा लातूरला मामांच्या घरी आला. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा संच दुकानात सहज मिळाला. मारुती 800 ची पहिली गाडी 14 डिसेंबर 1983 ला ग्राहकाच्या हाती पडली आणि उत्पादन थांबलं जानेवारी 2014 मध्ये. तीस वर्षं चाललेल्या गाडीचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. खरा खर्च असतो तो मजुरीचा. क्लच हा भाग लहान, पण तो बसलाय इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधोमध, त्यामुळे निम्मी गाडी उकलल्याशिवाय त्याचं तोंड दिसत नाही. आयटीआयमध्ये भाच्यानं हे केलं होतं, पण तिथं निदेशक डोक्याशी उभे असत. घरच्या अंगणात, स्वतःच्या जबाबदारीवर ही पहिलीच वेळ.

उन्हाळा होता, म्हणून सुरुवात उजाडताच. अंगणात शहाबादी फरशी. जॅक थेट फरशीवर टेकवला तर ती तडकते, म्हणून खाली जाड फळी घातली. मागच्या चाकांना दगड लावले आणि गाडी लोखंडी स्टँडवर घेतली. शेजाऱ्यानं विटा रचायचा सल्ला दिला होता, तो भाच्यानं साफ धुडकावला. वीट फुटण्याआधी सांगत नाही, आणि खाली झोपलेल्या माणसाला सरकायला जागा नसते. या एका बाबतीत काटकसर करणाऱ्याला गाडीखाली जाऊच देऊ नये.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. गिअर ऑईल घमेल्यात सोडलं. ते आधी सोडलं नाही तर एक्सल ओढताना अंगावर येतं. मग क्लचची केबल, स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्सच्या दिव्याची वायर, स्टार्टर मोटर, गिअरचा रॉड. मामांचं काम बोल्ट सांभाळायचं. पुठ्ठ्यावर गिअरबॉक्सचं चित्र काढून ते प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचत गेले. लांब-आखूड बोल्टांची अदलाबदल झाली तर जोडताना डोकं धरायची पाळी येते, हे त्यांच्यातल्या मास्तरानं आधीच ओळखलं होतं.

इंजिनाखाली दुसरा जॅक लावून, टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, फट पाडत दोघांनी गिअरबॉक्स बाजूला सरकवला आणि अलगद खाली आणला. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे सैल केले, नाहीतर ती वाकडी होते. जुनी प्लेट हातात आली. लायनिंग झिजून रिव्हेटच्या डोक्यांना टेकलं होतं, मध्ये नखही अडकत नव्हतं. काळी भुकटी सगळीकडे. ती फुंकायची नाही, हवाही मारायची नाही, ओल्या फडक्यानं टिपायची. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. फ्लायव्हीलवर तडा नव्हता. क्रँकचं ऑईल सील मात्र ओलसर दिसलं, तेही बदललं. एवढं उघडल्यावर ते तसंच ठेवणं म्हणजे नव्या प्लेटवर तेल पाडायची सोय करणं.

नवं बेअरिंग मामा सवयीनं डिझेलमध्ये बुडवायला निघाले. "मामा, काय करायलाव! त्याच्यात ग्रीस भरूनच येतंय, धुतलं की गेलं."

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो प्लेट मध्यावर आणण्यानं. प्रेशर प्लेट आवळण्याआधी प्लेट अगदी केंद्रात हवी, नाहीतर गिअरबॉक्सचा शाफ्ट तिच्या दात्यांत शिरत नाही. त्यासाठी मिळणारा दांडा यांच्याकडे नव्हता. गोटी पान्याच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळून भाच्यानं तो मापात आणला. तरीही गिअरबॉक्स वर चढवल्यावर बोटभर फट उरली. इथंच नवखा माणूस फसतो: बोल्ट लावून, ओढून फट मिटवू पाहतो, आणि प्लेटचा मधला भाग नाहीतर गिअरबॉक्सच्या कवचाचा कान मोडून बसतो. गिअरबॉक्सचा भार प्लेटवर लोंबकळत ठेवणंही तितकंच वाईट. मामांनी जॅकचा कोन केसभर बदलला, भाच्यानं गिअर टाकून एक्सलची बाजू हातानं हळूहळू फिरवली. दाते जुळले आणि फट बोल्टाशिवायच मिटली.

सगळं उलट्या क्रमानं जोडून झालं. गिअर ऑईल भरायचं राहून गेलं तर गिअरबॉक्स जळतो, म्हणून मामांनी पुठ्ठ्यावर ते मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं. केबलला पुन्हा ढिल दिली. चौथ्या गिअरमध्ये क्लच सोडताच इंजिन धक्क्यासरशी बंद पडलं.

2014 मध्ये आलेल्या मारुती सेलेरिओच्या एएमटी, म्हणजे आपोआप गिअर बदलणाऱ्या, मॉडेलपासून स्वस्त गाड्यांतही क्लचचं पेडल जाऊ लागलं. आतली प्लेट तशीच आहे, फक्त ती यंत्र दाबतं. अशा गाड्यांत, किंवा सबफ्रेम उतरवावी लागणाऱ्या नव्या मोटारींत, घरी हात घालू नये. मारुती 800 किंवा ओम्नीसारखी केबलवाली जुनी गाडी असेल, दणकट स्टँड असतील आणि हे काम एकदा तरी शिकलेला जोडीदार सोबत असेल, तर जरूर करून पाहावं. एकट्यानं मात्र नाही.