बाप्तिस्म्यानंतरचे टिळक

अंबरनाथच्या बुवापाड्यातून निघून लोकल पकडली की कल्याण तिसरं स्टेशन. या कल्याणात १८६९ ते १८७३ या काळात नारायण वामन टिळक प्राथमिक शाळेत शिकले. रेव्हरंड टिळक म्हटलं की १० फेब्रुवारी १८९५ ही त्यांच्या बाप्तिस्म्याची तारीख पुढे येते आणि बहुतेक लेख तिथेच थांबतात. माझ्या मते त्यांचं शिष्यत्व त्या दिवशी जेमतेम सुरू झालं.

त्याआधीची गोष्ट आगगाडीतली. १८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एका युरोपियन प्रवाशाशी संस्कृत काव्यावर गप्पा रंगल्या. त्याने उतरताना नवा करार हातात दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सांगितलं. टिळक वाचत गेले आणि डोंगरावरच्या प्रवचनाशी खिळून राहिले. मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो भारतीय पाळकाच्या हातून, आणि तोही हट्टाने.

पुढे अहमदनगर, अमेरिकन मराठी मिशनचं काम, १९०४ मध्ये पाळकपदाची दीक्षा, 'ज्ञानोदय'चं संपादन. नोकरी चोख चालली होती, पण मन स्वस्थ नव्हतं. ख्रिस्त आपला आहे, मग त्याची भक्ती परक्या सुरांत का करायची? त्यांनी अभंग लिहिले, कीर्तनं केली, तुकोबांचं ऋण उघडपणे मानलं. १९१७ साली मिशन सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्यात जागा होती. पंचावन्न उलटल्यावर पुन्हा नव्याने शिष्य व्हायला निघालेला हा माणूस मला तरुण टिळकांपेक्षा मोठा वाटतो.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची वाट मात्र निराळी. नवऱ्याचं धर्मांतर म्हणजे त्यांच्यावर आभाळच कोसळलं. काही वर्षं ताटातूट झाली. पुढे एकत्र राहू लागल्या तरी सोवळं सुटलं नाही. एकाच घरात दोन चुली पेटत. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. जात देवाने केलेली नाही, माणसांनी केली आहे, हे बाईंना हळूहळू स्वतःच्याच विचाराने पटलं, आणि मग कुणाच्याही हातचं पाणी, हातचं अन्न यांची अडचण उरली नाही. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. विश्वास वाढतो म्हणजे नेमकं काय होतं, हे मला कुठल्याही प्रवचनापेक्षा त्या दोन चुलींवरून अधिक कळलं.

९ मे १९१९ रोजी टिळक गेले आणि त्यांच्यामागे दरबार फार टिकला नाही. त्यांचं अपुरं काव्य 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. टिळकांची भजनं 'उपासना संगीत'मधून मंडळ्या आजही गातात.

आपल्या मंडळ्यांत बाप्तिस्म्याच्या तयारीचे वर्ग भरतात. तिथल्या तरुणांच्या हाती पवित्र शास्त्राबरोबर लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे'ही द्या, ही माझी पाळकांना कळकळीची विनंती आहे.