कार्यप्रणाली : गल्ल्यावरची आणि कोठारातली

बंगळूरचे शिवाजीनगर म्हणजे गजबजलेली बाजारपेठ. १९२७ साली उभी राहिलेली रसेल मार्केटची वास्तू, बसस्थानक आणि जवळचीच कमर्शियल स्ट्रीट यांमुळे येथे दिवसभर वर्दळ असते. अशा पेठांतील वहीखात्याची जागा संगणकाने घेतली, त्यास आता बराच काळ लोटला. एकाच संगणकावर बिले करावयाची, मालसाठा पाहावयाचा, जीएसटीचे विवरणपत्र भरावयाचे आणि बँकेचे व्यवहारही उरकावयाचे, ही छोट्या व्यापाऱ्याची नित्याची रीत.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीचे नियमित साहाय्य संपले. अनेक जुने संगणक धडधाकट असूनही ‘विंडोज ११’च्या अटींत बसत नाहीत. अशा वेळी एखादा जाणकार सुचवितो, “सर्व्हरची प्रणाली टाका, तिची मुदत मोठी.” ‘विंडोज सर्व्हर २०२२’ला सुरक्षा-सुधारणा ऑक्टोबर २०३१पर्यंत मिळावयाच्या आहेत, हे खरेच. तथापि हा सल्ला स्वीकारण्यापूर्वी दोहोंतील भेद समजून घेणे हिताचे ठरेल.

गाभा एक, धोरण वेगळे

दोन्ही प्रणालींचा गाभा बव्हंशी समान असतो. फरक आहे तो अग्रक्रमाचा. डेस्कटॉप प्रणाली गल्ल्यावर बसलेल्या माणसाकडे लक्ष देते. पडद्यावर जे काम समोर असेल, त्याला ती प्रक्रियकाचा वेळ झुकते माप देऊन देते. सर्व्हर प्रणाली कोठाराची राखण करते. पडद्यासमोर कोणी असो वा नसो, जाळ्यावरून येणाऱ्या सर्वांच्या मागण्या ती समभावाने पुरवते. म्हणूनच विंडोज सर्व्हरमध्ये ध्वनीसारख्या सोयी सहसा मुळात बंद ठेवलेल्या असतात. उबुंटूच्या सर्व्हर आवृत्तीत तर चित्रमय पडदाच नसतो. आज्ञा टंकित कराव्या लागतात.

खर्चाची बाजू

सर्व्हर प्रणालीचा परवाना महाग असतो. शिवाय विंडोज सर्व्हरच्या प्रमुख आवृत्त्यांत, तिचा लाभ घेणाऱ्या प्रत्येक व्यक्तीसाठी वा यंत्रासाठी स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो. घरगुती वापराची काही विषाणुरोधके तिच्यावर चालत नाहीत. म्हणजे ज्या सुरक्षेसाठी हा खटाटोप, तिलाच बाध येण्याचा संभव!

मग कोणी काय निवडावे?

एकच संगणक असणाऱ्याने डेस्कटॉप प्रणालीच वापरावी. यंत्र विंडोज ११च्या अटींत बसत नसेल, तर उबुंटूची दीर्घमुदतीची आवृत्ती विनामूल्य मिळते आणि तिला पाच वर्षे सुरक्षा-सुधारणा मिळतात. ‘सी-डॅक’ने विकसित केलेल्या ‘बॉस’ लिनक्समध्ये मराठीचीही सोय आहे. मात्र आपली हिशेबाची आज्ञावली व मुद्रणयंत्र त्यावर चालते किंवा नाही, याची खात्री आधी करावी.

दोन-तीन गल्ले असले, तरी सर्व्हर प्रणाली लागतेच असे नाही. डेस्कटॉप विंडोजचा परवाना वीस यंत्रांपर्यंत फाइली व मुद्रणयंत्र सामाईक वापरू देतो. मात्र सामाईक हिशेब ठेवणारा संगणक कोणी अनवधानाने बंद केला, की सारे गल्ले थांबतात. व्याप वाढला, अहोरात्र सेवा हवी झाली आणि देखभालीस माणूस मिळाला, की सर्व्हरचा विचार अवश्य करावा.

बँकांचा धडा

बँकेतही हीच विभागणी असते : खिडकीवर डेस्कटॉप, तर खात्यांची नोंद दूरच्या केंद्रातील सर्व्हरवर. कालबाह्य प्रणालीचा प्रश्न बँकांनाही चुकला नाही. ‘विंडोज एक्सपी’चे साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी संपले, तरी अनेक एटीएम यंत्रे तिच्यावरच चालत होती. अखेर रिझर्व्ह बँकेने जून २०१८मध्ये परिपत्रक काढून, सर्व एटीएम जून २०१९पर्यंत नव्या प्रणालीवर नेण्यास बँकांना सांगितले.

प्रणाली गल्ल्यावरची असो वा कोठारातली, तिला सुरक्षा-सुधारणा मिळत आहेत ना, हे प्रथम पाहावे. मिळत नसतील, तर त्या संगणकावर बँकेचे व्यवहार करू नयेत. कुलूप कितीही भक्कम असले, तरी त्याची किल्ली चोराच्या हाती गेल्यावर त्याचा उपयोग काय?